बाळाच्या अंगावरची गाठ

बाळाला न्हाऊ घालणे हे कसबाचे काम आहे. घरातली जाणती बाई पाटावर बसते, पाय लांब करते आणि बाळाला पायावर पालथे घालते. तेल चोळते, ऊन पाणी घालते, मग उताणे करून पोट, छाती, मान पुसते. त्या वेळी तिचे हात बाळाच्या सगळ्या अंगावरून फिरतात. कुठे काही कमीजास्त असेल तर ते पुष्कळदा डॉक्टरच्याही आधी तिच्या हाताला लागते. म्हणून मी तर तिला बाळाचा पहिला डॉक्टर म्हणतो.

हे आज का लिहितो आहे ते सांगतो.

माझा एक जुना विद्यार्थी आहे. मंठ्यापासून कोसभर अंतरावर त्याचे शेत आहे. कापूस, सोयाबीन आणि थोडी मोसंबी. दोन वर्षांमागे, श्रावण संपता संपता, त्याची लेक पहिलटकरीण म्हणून माहेरी आली होती. रात्री अचानक पोट दुखू लागले आणि गाडी येईपर्यंत ती घरीच मोकळी झाली. मुलगी झाली. आजीने बाळाला पालथे केले आणि तिचा हात थबकला. माकडहाडापाशी, दोन्ही ढुंगणांच्या वर, मोसंबीएवढी गाठ होती.

आजीने काय केले? ती गाठ दुपट्यात झाकली. आशाताई आली तेव्हा गुंडाळलेले बाळ दाखवले आणि "पोरगी निजली आहे" म्हणून तिला वाटेला लावले. पाचवी झाली, सटवाई पुजली. सहाव्या दिवशी माझा विद्यार्थी माझ्या ओट्यावर येऊन बसला. बराच वेळ पावसाचे बोलला. मग म्हणाला, "गुरुजी, पोरीच्या पाठीला गाठोडं हाय. माय म्हणती, कुणाला सांगू नको. जावयाच्या घरी कळलं तर लेकीला नांदवायचे न्हाईत. गिऱ्हणात बाहेर गेली व्हती, म्हणून झालं म्हणत्यात. एक जण बिब्बा घालतो म्हणतोय. काय करावं?"

मी म्हणालो, "चप्पल घाल. आत्ता निघायचे."

मी असा ताडकन उठलो, त्याला कारण आहे. १९८५ च्या सुमारास मी एका वाडीवर एकशिक्षकी शाळेत होतो. माझ्या एका विद्यार्थ्याच्या धाकट्या बहिणीला अशीच गाठ होती. मी ती डोळ्यांनी पाहिली होती. मला त्यातले काही कळत नव्हते आणि दुसऱ्याच्या घरात कशाला तोंड घालावे, असे वाटून मी गप्प बसलो. गाठीवर बिब्बा घातला, लेप लावले. गाठ वाढत गेली, शेवटी फुटली. दीड वर्षाची पोर गेली. मी मास्तर होतो, गावात माझ्या शब्दाला मान होता, आणि मी तो शब्द खर्च केला नाही.

आता ही गाठ म्हणजे काय, ते पाहू.

आईच्या पोटात बाळ सुरुवातीला एका ठिपक्याएवढे असते. त्या ठिपक्यात अतिशय बारीक कण असतात. त्यांना पेशी म्हणतात. अगदी पहिल्या पेशी अशा असतात की त्यांच्यातून काहीही होऊ शकते. हाड, कातडी, केस, दात, आतडे, सगळे. जसजसे बाळ वाढते तसतशी पेशींची कामे ठरत जातात. ही डोळ्याची, ती काळजाची, अशी वाटणी होते. पण कधी कधी काही पेशी वाटणीत मागे राहतात. कण्याच्या शेवटच्या टोकाला, माकडहाडापाशी, अशा मागे राहिलेल्या पेशी असण्याचा संभव जास्त. त्या तिथल्या तिथेच मनाला येईल तशा वाढू लागतात. मग गाठीत थोडी चरबी, थोडी कातडी, कुठे केस, कुठे दातासारखा तुकडा, पाण्याच्या पिशव्या, असा सगळा बाजार भरतो. डॉक्टर या गाठीला टेराटोमा म्हणतात. जुन्या ग्रीक भाषेतल्या अक्राळविक्राळ अशा अर्थाच्या शब्दावरून हे नाव आले. नाव भयंकर आहे, पण गाठ बहुतेक वेळा नावाइतकी भयंकर नसते.

ही गाठ दुर्मिळ आहे. सुमारे पस्तीस ते चाळीस हजार जन्मांत एखाद्या बाळाला ती असते. मुलग्यांपेक्षा मुलींत तीनचारपट जास्त आढळते. थोडे गणित करू. आपल्या तालुक्यात वर्षाला अडीच-तीन हजार बाळे जन्मतात असे धरले, तर तेरा-चौदा वर्षांत एक. म्हणजे गावात कुणी पूर्वी पाहिलेलीच नसते. जे पाहिले नाही त्याला माणूस करणी म्हणतो, ग्रहण म्हणतो. ग्रहण लागते तेव्हा लाखो गरोदर बायांवर एकदमच लागते. मग गाठ एकीच्याच बाळाला का? आईच्या खाण्यापिण्याने, चालण्याबोलण्याने ही गाठ होत नाही. सासूने सुनेला आणि नवऱ्याने बायकोला त्यासाठी बोल लावणे हा शुद्ध अन्याय आहे.

आपल्या शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात २०२५ साली याच्याही पलीकडची एक गोष्ट घडली. लोणार आपल्याला किती जवळ आहे ते तुम्हांला माहीत आहेच. म्हणजे हा जिल्हा काही परमुलूख नव्हे. त्या वर्षी जानेवारीच्या शेवटी बत्तीस वर्षांची एक गरोदर बाई तपासणीसाठी बुलढाण्याच्या सरकारी स्त्री रुग्णालयात आली. आठ महिने होऊन गेले होते. तेथले डॉक्टर प्रसाद अग्रवाल यांनी सोनोग्राफी केली. पोटातल्या बाळाच्या पोटात त्यांना काही वेगळे दिसले. हाडांसारखे, अर्ध्यामुर्ध्या गर्भासारखे. त्यांनी पुन्हा पुन्हा पाहून खात्री केली.

फेब्रुवारीच्या पहिल्या तारखेला त्या बाईची प्रसूती झाली. मुलगा झाला. त्याला सुमारे दोनशे किलोमीटरवरच्या अमरावतीला विभागीय सरकारी रुग्णालयात नेले. तिथे डॉक्टर उषा गजभिये आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन दिवसांच्या त्या बाळाच्या पोटावर शस्त्रक्रिया केली. आत एक नाही, दोन अपुरे गर्भ निघाले. हातपाय ओळखू येत होते. बाळाची प्रकृती स्थिर असल्याचे डॉक्टरांनी सांगितले.

वर्तमानपत्रांत ही बातमी आली तेव्हा पारावर काय काय बोलणी झाली, ती मी ऐकली आहेत. कुणी म्हणाले, "तीन दिवसांचं पोरगं गरवार!" तसे काही नसते. ते बाळ गरोदर नव्हते. हा मूळचा जुळ्यांचा किंवा तिळ्यांचा प्रकार आहे. एकाच बीजाची फूट होऊन जुळी होतात. क्वचित एक गर्भ नीट वाढतो आणि दुसरा त्याच्या अंगात कोंडला जातो. कोंडलेल्याला स्वतःचे चालते काळीज नसते, धड मेंदू नसतो. भावाच्या रक्तावर तो बांडगुळासारखा वाढतो. तो जगू शकत नाही, आणि राहू दिला तर जगणाऱ्यालाही ओढतो. काही तज्ज्ञ म्हणतात, हे खरोखरीचे कोंडलेले जुळे; काही म्हणतात, ही टेराटोमाचीच फार पुढे गेलेली जात. गाठीत पाठीचा कणा दिसला तर जुळे समजायचे, अशी एक खूण डॉक्टर धरतात. वाद तज्ज्ञांचा आहे. उपाय दोन्हीकडे एकच, काढून टाकणे.

उशीर केला तर काय होते, त्याचेही उदाहरण आपल्याच राज्यातले आहे. १९९९ साली नागपूरकडचा छत्तीस वर्षांचा एक शेतकरी मुंबईच्या टाटा रुग्णालयात आला. त्याचे पोट नऊ महिन्यांच्या बाईसारखे वाढले होते आणि त्याला श्वास घेता येत नव्हता. डॉक्टर अजय मेहता यांनी मोठी गाठ समजून पोट उघडले, तर आत हाडे, केस आणि हातपायांचे अवयव निघाले. छत्तीस वर्षे त्या माणसाने ते ओझे वागवले, आणि लोकांची चेष्टाही सोसली. बुलढाण्याच्या बाळाला मात्र तीनच दिवस वागवावे लागले. मधल्या काळात एक यंत्र गावोगाव पोचले, त्याचा हा परिणाम.

त्या यंत्राचे नाव सोनोग्राफी. आडात डोकावून हाक मारली तर आवाज परत येतो. आड खोल असेल तर उशिरा, उथळ असेल तर लगेच. या यंत्रातून असाच आवाज पोटात सोडतात. तो इतका बारीक असतो की आपल्या कानाला ऐकू येत नाही. तो बाळाच्या हाडावर, मांसावर, पाण्यावर आपटून परत येतो आणि त्यावरून पडद्यावर चित्र उमटते. आईला किंवा बाळाला दुखत नाही. पाचव्या महिन्यात, म्हणजे अठराव्या ते विसाव्या आठवड्यात, बाळाचे सगळे अवयव पाहण्यासाठी एक सोनोग्राफी करावी. बाळाच्या अंगावर मोठी गाठ असेल तर ती बहुधा तेव्हाच किंवा त्यानंतर कळते. आधी कळले की तयारी करता येते. गाठ फार मोठी असेल तर बाळंतपणात ती फुटून रक्त जाण्याची भीती असते. अशा वेळी डॉक्टर पोट उघडून बाळ काढायचे ठरवतात, आणि जिथे लहान मुलांचा सर्जन आहे अशाच दवाखान्यात दिवस भरवतात. मुलगा की मुलगी, हे मात्र त्या खोलीत विचारू नका. १९९४ च्या कायद्याने विचारणे आणि सांगणे दोन्ही गुन्हा आहे.

आता माझ्या विद्यार्थ्याच्या नातीकडे येतो.

आम्ही बाळ आणि बाळंतिणीला घेऊन मंठ्याच्या ग्रामीण रुग्णालयात गेलो. तिथून जालन्याला आणि दुसऱ्या दिवशी छत्रपती संभाजीनगरच्या मोठ्या दवाखान्यात. आजीही आली. वाटभर तिने दुपटे घट्ट धरून ठेवले होते.

पहिली गोष्ट डॉक्टरांनी पाहिली ती ही, की गाठ नक्की कोणती. कारण पाठीवरची प्रत्येक गाठ टेराटोमा नसते. कधी कणा नीट मिटलेला नसतो आणि आतल्या मज्जातंतूंची पिशवी बाहेर आलेली असते. वरून दोन्ही गाठी अडाण्याला सारख्याच. अशा पिशवीला सुई टोचली, बिब्बा लावला, डाग दिला, तर मज्जातंतूंना इजा होते, आत विकार शिरतो, बाळ जीवानिशी जाते. म्हणून गाठ कसलीही असो, घरी तिला हात लावायचा नाही. मानेवरची पाण्याची गाठ वेगळी, अंगावरचा लालभडक फुगीर डाग वेगळा. तो लाल डाग तर पहिले काही महिने वाढतो आणि मग काही वर्षांत बहुधा आपला आपण विरतो. त्याला पुष्कळदा सुरीची गरजच नसते. हे ओळखणे डॉक्टरचे काम.

मग सोनोग्राफी आणि मोठ्या यंत्रातले फोटो झाले. माकडहाडाची गाठ कधी सगळी बाहेर असते, कधी अर्धी आत, कधी सगळीच आत. झाडाचे खोड दिसते, मुळ्या किती खोल गेल्या ते दिसत नाही, तसे. जी सगळी आत असते ती फसवी. बाहेर काहीच दिसत नाही. बाळाला शौचाला होत नाही, लघवी अडते, तेव्हा कुठे संशय येतो. रक्तही तपासले. त्यात एएफपी नावाचा एक पदार्थ मोजतात. तो सगळ्याच नवजात बाळांत भरपूर असतो आणि आठ-नऊ महिन्यांत उतरून मोठ्या माणसाइतका होतो. शस्त्रक्रियेनंतर तो उतरायचा थांबला किंवा परत चढला, तर गाठ पुन्हा डोके काढते आहे असा संशय घ्यायचा. म्हणजे ही एक प्रकारची राखण आहे.

माझ्या विद्यार्थ्याने डॉक्टरीणबाईंना विचारले, "बाई, पोरगी थोडी मोठी होऊ द्यावी का? एवढ्याशा जीवाला सुरी कशी सोसंल?" प्रश्न साधा होता आणि कुणाच्याही मनात येणारा होता. बाईंनी त्याला समजावून सांगितले. जन्मल्यानंतर लवकर, पहिल्या दोन महिन्यांच्या आत काढलेली गाठ बहुतेक वेळा साधी निघते. जितकी वाट पाहावी तितकी ती कर्करोगाची निघण्याची भीती वाढत जाते. तेव्हा सुरी सोसण्यासाठी थांबावे, तर गाठच पुढे निघून जाते.

शस्त्रक्रिया ठरली ती नेमकी बाराव्या दिवशी. घरी पाळणा बांधायचा, तो दिवस. आजी म्हणाली, "आज बारसं, आन् आज पोर कापायची?" पण ती नाही म्हणाली नाही.

अशा शस्त्रक्रियेत अवघड काय असते, ते मी नंतर विचारून घेतले. तीन किलोच्या बाळाच्या अंगात सगळे मिळून पाव लिटरच्या आसपास रक्त असते. एक पेलाभर. मोठ्या माणसाचे चार चमचे रक्त गेले तर काही बिघडत नाही. बाळाचे तेवढे गेले तरी मोजावे लागते. म्हणून गाठीला रक्त पुरवणारी धमनी आधी शोधून बांधतात, आणि रक्ताची बाटली शेजारी तयार ठेवतात. दुसरी काळजी थंडीची. बाळाचे अंग भराभर गार पडते, म्हणून ती खोली ऊबदार ठेवतात. डॉक्टर घामाघूम होतात आणि बाळ गरम राहते. बाळाला पालथे निजवतात. गाठीभोवतीची कातडी उलट्या व्ही अक्षरासारखी कापतात. शौचाची जागा आणि तिचे स्नायू गाठीला अगदी खेटून असतात, ते एकेक धागा सांभाळत सोडवतात. आणि शेवटी गाठीबरोबर माकडहाडही काढतात.

हे माकडहाड महत्त्वाचे. पूर्वी नुसती गाठ काढून हाड ठेवत असत. मग पुष्कळ मुलांत तिथेच गाठ परत येई. मूळ हाडाला चिकटलेले राहते म्हणून असे होते, हे १९५१ साली अमेरिकेतल्या सर्जनांनी दाखवून दिले. तेव्हापासून हाड काढायचेच, असा नियम झाला. शेतात हरळी वरून कापली आणि काशी ठेवली तर काय होते, ते तुम्हांला मी काय सांगू? माकडहाड नसल्याने मुलाच्या बसण्याउठण्यात काही अडत नाही.

तीन तास लागले. आम्ही बाहेर व्हरांड्यात बसलो होतो. आजीने त्या तीन तासांत पाणीसुद्धा घेतले नाही. काढलेली गाठ तपासायला पाठवली. आठवड्याने कागद आला, साधी आहे. तशी नसती, कर्करोगाची निघाली असती, तरी सगळे संपले असे नव्हते. या जातीच्या कर्करोगावर सलाइनमधून देण्याची औषधे गेल्या चाळीसेक वर्षांत निघाली आहेत आणि ती चांगली लागू पडतात.

पैशाचे विचाराल, तर घरातली जोडी विकावी लागली नाही. राज्यात महात्मा फुले जनआरोग्य योजना आहे. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन योजनेतल्या दवाखान्यात जायचे. तिथे आरोग्यमित्र नावाचा माणूस बसतो, त्याला आधी भेटायचे आणि हा आजार योजनेत बसतो का, बाळाचे कागद कोणते लागतील, ते विचारायचे. २०१३ पासून बालकांच्या तपासणीचा एक सरकारी कार्यक्रमही चालू आहे. अंगणवाडीत आणि शाळेत डॉक्टर येतात ते त्यातलेच. जन्मतः असलेले दोष शोधणे हे त्यांचे कामच आहे. बाळ घरी जन्मले असेल तर आशाताईने पहिल्या, तिसऱ्या, सातव्या दिवशी आणि पुढे बेचाळीस दिवसांपर्यंत यायचे असते. ती आली की बाळ दुपट्यातून काढून उघडे दाखवावे. डोक्यापासून पायापर्यंत, पुढून आणि मागून. अंग गार पडत असेल तर पाच मिनिटे चूल जवळ करा, पण दाखवा.

आणखी दोन गोष्टी न्हाऊ घालणारीसाठी. पोटात एका कुशीला टणक गोळा लागला तर पुन्हा पुन्हा दाबून शेजारणीला दाखवू नका आणि चोळून विरवायला जाऊ नका. मूत्रपिंडाची गाठ असू शकते, आणि दाबल्याने ती आत फुटू शकते. हात काढा आणि दवाखाना गाठा. दुसरे, संध्याकाळी दिव्याच्या उजेडात बाळाच्या बुबुळात मांजराच्या डोळ्यासारखी पांढरी चमक दिसली, तर ती दृष्ट नव्हे. डोळ्यातही जन्मतः गाठ असू शकते. मीठमोहऱ्या हव्या तर ओवाळा, पण दुसऱ्या दिवशी सकाळी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा.

जावयाचे सांगायचे राहिले. शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी तो आला. सासुरवाडीने लपवून ठेवले म्हणून थोडा रागावला, आणि तो राग मला रास्त वाटला. मग रात्रभर दवाखान्यात तोच बसला. आता लेक सुखाने नांदते आहे. महिन्याभराने नात घरी आली तेव्हा पाळणा बांधला, नाव ठेवले. आजीने मला मुद्दाम बोलावणे पाठवले आणि घुगऱ्यांचा द्रोण माझ्या हातावर ठेवत म्हणाली, "मास्तर, मी झाकलं ते चुकलं का?" मी म्हणालो, "आजी, झाकले ते प्रेमाने झाकले. पण सहा दिवस गेले."

येत्या पोळ्याला ती पोर दोन वर्षांची होईल. दर तीन महिन्यांनी तिला तपासणीला न्यावे लागते. तीन वर्षांची होईपर्यंत नेणार आहेत. रक्त तपासतात, बोटाने आतून चाचपून पाहतात. मागच्या खेपेला कापूस वेचायला माणसे मिळत नव्हती म्हणून माझा विद्यार्थी म्हणाला, "गुरुजी, पुढच्या महिन्यात नेलं तर?" मी त्याच्याकडे नुसते पाहिले. तो दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीने गेला. पुढची तारीख गणपतीच्या आधी आहे. मी ती माझ्या भिंतीवरच्या पंचांगावर तांबड्या पेन्सिलीने लिहून ठेवली आहे.